थोरल्या पातीची शिट्टी, धाकट्या पातीचे पाय

या अंकाच्या संपादकांनी त्यांच्या पुतण्याबरोबर निरोप धाडला, की बालवीर चळवळीच्या तुमच्या आठवणी लिहा, तरुणांना स्फूर्ती मिळेल. मी त्या पुतण्याला म्हटलं, "भिया, स्फूर्ती संपली. भीती पाहिजे असेल तर पोतंभर आहे. देऊ?" तो म्हणाला, "चलेगा काका. पानं भरली म्हणजे झालं." म्हणून ते पोतं इथे ओततो आहे. ज्यांना छातीत धडधड होते त्यांनी सरळ मागच्या पानावरच्या पाककृतींकडे जावं.

मी जन्मानं धारचा, पगारानं बांधकाम खात्यातला ओव्हरसियर आणि रविवारी बालवीरांचा. बालवीर म्हणजे आता ज्यांना सगळे स्काउट म्हणतात ते. खाकी अर्धी चड्डी, गळ्यात स्कार्फ, हातात कपाळापर्यंत पोचणारी काठी आणि रोज एक सत्कृत्य करण्याची शपथ. ही शपथ किती भयंकर आहे ते धारच्या धोब्यांना विचारा. दिवसाचं सत्कृत्य राहून गेलं की आमची पोरं संध्याकाळी तलावावर जात आणि चांगलं उभं असलेलं गाढव बुडतंय म्हणून ओढून काठावर आणत. एका गाढवाला तर पुढे पुढे इतकी सवय झाली, की खाकी चड्डी दिसली की ते आपण होऊन पाण्यात शिरून वाट बघत बसे.

पण पथक मी चालवत नसे. पथक चालवी तो स्काउटमास्तर. म्हणजे शाळेतला कसरतीचा नाहीतर ड्रॉइंगचा मास्तर, ज्याच्या गळ्यात हेडमास्तरांनी "तुमचे तास रिकामेच असतात ना?" असं म्हणून पथक अडकवलेलं असे. त्याला कुणी काही शिकवलेलं नसे आणि चुकलं तर झोडायला सगळे तयार. मी अशा मास्तरांचा सल्लागार, बिनपगारी. धार, सरदारपूर आणि देवास इथली पथकं माझ्याकडे होती. रविवारी उठायचं, बस धरायची, मैदानावर जाऊन सगळ्यांत मागच्या खुर्चीवर बसायचं आणि गप्प राहायचं. पोरांसमोर मास्तरला चकार शब्द बोलायचा नाही. पोरं घरी गेली की दोघांनी चहा घ्यायचा आणि मग हळूच विचारायचं, "ती मागची टोळी आज जरा ढिली वाटली का हो?" आणि शिट्टी कधीही गळ्यात घालायची नाही. शिट्टी मास्तरची. सल्लागारानं पोरांसमोर एकदा जरी ती फुंकली, तरी पोरं मास्तरला सोडून सल्लागाराकडे बघायला लागतात, आणि सल्लागार तर संध्याकाळच्या बसनं निघून जाणार.

चहावर मास्तर विचारत ते गाठींबद्दल, तंबूच्या खुंट्यांबद्दल. चहा जरा पोटात उतरला की मग खरं निघे, आणि खरं म्हणजे दरवेळी भीती. कुणाला हेडमास्तरांची, कुणाला पोरांच्या आयांची, कुणाला खुद्द पोरांची. मी दवाखाना काढला असता तर बाहेर रांग लागली असती.

सरदारपूरचे मास्तर तहसीलदारांना भीत. त्यांचं नाव कानावर पडलं तरी त्यांच्या हातातला खडू मोडे. एका समारंभाला तहसीलदारसाहेब प्रमुख पाहुणे आले. मास्तरांनी प्रथमोपचाराचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं, आणि घाबरलेल्या माणसाला सुचावं तसंच सुचलं: साहेबांचा मान राहावा म्हणून जखमी माणूस म्हणून साहेबांनाच निवडलं. पोरांनी घोट्यापासून कपाळापर्यंत पट्ट्या गुंडाळल्या. साहेब देहानं भरदार, पट्ट्या कमी पडल्या, तेव्हा पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांची उपरणी घेतली. मग स्ट्रेचरवर घालून बाजारातून फेरी. पांढऱ्यात गुंडाळलेले साहेब, पुढेमागे गंभीर चेहऱ्याची पोरं. बाजाराला वाटलं, साहेब गेले! धडाधड दुकानांच्या फळ्या लागल्या. कापसाचे एक दलाल तर रस्त्यात बसून रडले. साहेब आतून ओरडत होते, पण तोंडावरही पट्टी होती.

हे असं होणार, ते मला पट्टीच्या पहिल्या वेढ्यालाच दिसलं होतं. पण पोरं समोर, मी मागच्या खुर्चीवर, तोंडात सुपारी. पोरं गेल्यावर मास्तर म्हणाले, "भाऊसाहेब, मेलो मी. आता बदली, थेट झाबुवा!" मी म्हटलं, "झाबुवा कसला? चला साहेबांकडे." साहेबांना मी एवढंच सांगितलं, की आपण नसलो तर बाजार कसा बंद पडतो हे जिवंतपणी पाहायचं भाग्य किती अधिकाऱ्यांना लाभतं? साहेब विचारात पडले. मग त्यांनी मास्तरांना पेढा दिला. मास्तर राहिले, पथक राहिलं, आणि गप्प बसण्यासारखी दुसरी युक्ती नाही अशी माझी पक्की समजूत झाली.

ही समजूत मी पुढे मांडूला घेऊन गेलो. आता ज्यांना पाककृतींकडे जायचं आहे त्यांना शेवटची संधी.

देवास ज्यांनी जुन्या काळी पाहिलं नाही त्यांना हे थाप वाटेल, पण एका गावात तिथे दोन संस्थानं होती. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन महाराज, दोन राजवाडे, दोन कचेऱ्या, आणि मधून एक रस्ता. माझ्या एका मावसबहिणीची चूल थोरल्या पातीत आणि पाटा-वरवंटा धाकट्या पातीत होता, त्यामुळे तिच्या घरी चटणी जकात भरून पानात येई. (मावसबहीण हयात आहे, ती नाही म्हणेल, लक्ष देऊ नका.) थोरल्या पातीत बालवीर पथक निघालं तसं धाकट्या पातीतही निघालं. भांडण नव्हतं, पण तुमचं आहे तर आमचंही पाहिजे, आणि तुमच्यासारखं तर मुळीच नको, असा सगळा मामला. दोन्ही पथकांची मैदानं रस्त्याच्या अल्याड-पल्याड, एकाची शिट्टी दुसऱ्याला ऐकू जाईल इतकी जवळ. ही मैदानांची गोष्ट ध्यानात ठेवा. मी ठेवली नव्हती.

पुढे संस्थानं विलीन झाली, आमचा मध्य भारत झाला. दोन पात्यांचं एक देवास झालं तसं दोन पथकांचं एक पथक झालं. धाकट्या पातीचे जुने मास्तर मुलाकडे इंदूरला निघून गेले आणि सगळी पोरं थोरल्या पातीच्या मास्तरांच्या पदरात पडली. ते शंकरराव मोहिते. आजोबा पागेत खोगिरं शिवत, शंकरराव शाळेत सुतारकाम शिकवत. बुटका माणूस, आवाज मऊ, शिट्टी फुंकताना मात्र गाल असे फुगत की शिट्टी गिळतात की काय असं वाटे.

"भाऊसाहेब," एका रविवारी चहावर ते म्हणाले, "अर्धी पोरं माझी नाहीतच हो."

"म्हणजे? ऐकत नाहीत?"

"ऐकतात. रांगेत उभी राहतात, सलाम करतात. पण डोळे रस्त्यापलीकडे. त्यांच्या जुन्या सरांचं नाव काढलं की चेहरे बघा. मैदानात चार लोक बघतात म्हणून ऐकतात. उद्या बाहेर नेलं, मी शिट्टी फुंकली आणि आलीच नाहीत तर?"

"मग न्या की बाहेर," मी म्हटलं. "मांडूला न्या. एकदा शिट्टी फुंका, सगळी येतील, तुमचीही शंका मिटेल. मी येतो बरोबर." ओव्हरसियर म्हणून मांडूचा रस्ता माझ्या पायाखालचा. तिथला एकेक दगड मला ओळख देतो अशी माझी ऐट होती.

भाद्रपदात, गणपती बोळवल्यावर, देवासचं सगळं पथक बसनं मांडूला आलं. ज्यांनी मांडू पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: डोंगरमाथ्यावर उजाड पडलेली राजधानी, महालांचे सांगाडे, घुमट, तलाव आणि भोवती खोह. खोह म्हणजे दरी. पण दरी म्हटलं की तिला तळ असेल असं वाटतं. मी खात्याचा मोजणीचा फीता घेऊन एकदा तिच्या काठावर गेलो होतो, फीता संपला, मी घरी आलो.

सकाळ लख्ख होती. शंकररावांनी पोरांना एका मोडक्या महालापुढे उभं करून खेळ समजावला. एका टोळीनं झेंडा लपवायचा, बाकीच्यांनी झाडाझुडपांतून सरपटत जाऊन शोधायचा. "दगडी कुंपणाची पडकी भिंत आहे, तिच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. पलीकडे खोह आहे. आणि तोंडानं कुणी 'परत या, परत या' ओरडलं तर ऐकायचं नाही, ती शत्रूची चाल समजायची. फक्त शिट्टी ऐकायची. काय ऐकायचं?"

"शिट्टी!" सगळी पोरं ओरडली. धाकट्या पातीची जास्त मोठ्यानं. मी शंकररावांना डोळ्यानं खूण केली, बघा, उगीच घाबरता. मग खुर्ची नव्हती म्हणून एका दगडावर, नियमाप्रमाणे मागे, जाऊन बसलो आणि सुपारी काढली.

धुकं वरून येतं असं आपल्याला वाटतं. मांडूचं धुकं खालून येतं. खोह ते उकळत ठेवते आणि मग एकदम उतू जाऊ देते. मी अडकित्ता उघडला तेव्हा समोर महाल होता. सुपारी कातरून होईपर्यंत महाल नव्हता. हात लांब केला तर बोटं परगावी गेल्यासारखी दिसेनात. भरदिवसा आभाळ जमिनीवर टेकलं. कुठे कावळा ओरडला तर तो डाव्या कानात ओरडला की उजव्या, हेही कळेना.

"जमवा, शंकरराव," मी म्हटलं. पोरं समोर नव्हती, तेव्हा बोलायला हरकत नव्हती.

शंकररावांनी शिट्टी फुंकली. तोकड्या, तुटक, भराभर: फुर्र, फुर्र, फुर्र, फुर्र. मी पाहिलेल्या सगळ्या पथकांत तोकड्या शिट्ट्यांचा अर्थ एकच, पळत या आणि जमा. लांबच लांब शिट्ट्यांचा अर्थ उलटा, पांगा, दूर जा. हे बालवीराला पहिल्या आठवड्यात शिकवतात.

पोरं यायला लागली. धुक्यातून आधी काठी, मग नाक, मग पोर. शंकरराव प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत होते. थोड्या वेळानं पोरं यायची थांबली. आणखी शिट्ट्या. कुणी नाही. शंकररावांचे गाल फुगत होते आणि खाली बसत होते, आणि त्यांचा चेहरा मला जवळून दिसला तेव्हा तो चुन्यासारखा झाला होता.

"अर्धीच आली," ते म्हणाले. "भाऊसाहेब, अर्धीच. मी म्हटलं होतं ना? माझं ऐकत नाहीत. माझी दोनतीन सोडून सगळी आली आणि त्यांचं एक नाही." आणि शिट्टी पुन्हा तोंडात.

थोरल्या पातीचा टोळीनायक दिगंबर माझ्याजवळ उभा होता. धाकट्या पातीचा टोळीनायक विनायक सुपेकर म्हणजे त्याचा जिगरी दोस्त. दोन्ही संस्थानं बुडाल्याचा खरा आनंद त्या दोघांनाच झाला असेल. मी विचारलं, "अरे, विन्या कुठे आहे?"

"माझ्या बाजूलाच होता काका. शिट्टी झाली. मी इकडे पळालो, तो तिकडे."

"तिकडे कशाला?"

दिगंबरला माझ्या अज्ञानाची कीव आली. "त्यांचं उल्टं राहतं ना काका. धाकट्या पातीत तोकड्या शिट्टीला पांगायचं, लांबडीला जमायचं. त्यांच्या जुन्या सरांनीच ठेवलं होतं तसं. नाहीतर आमची शिट्टी झाली की त्यांची पोरं रस्ता ओलांडून आमच्याकडे यायची ना!"

"आणि इतके महिने मैदानात?"

"मैदानात ते सरांचा हात बघतात. सर हात वर करतात, आम्ही पळतो, मग तेपण पळतात. शिट्टी कोण ऐकतं?"

"हे सरांना सांगितलं नाही कुणी?"

"विचारलं कुठे कुणी?"

वाचकहो, माझ्या पाठीमागे त्याच क्षणी शंकररावांनी पुन्हा शिट्ट्यांचा सपाटा लावला. फुर्र, फुर्र, फुर्र. आम्ही ज्याला हाक समजत होतो तो त्या पोरांच्या पाठीवर धक्का होता. 'दूर जा, आणखी दूर जा, आणखी दूर.' आणि ती पोरं, शहाणी, शिस्तीची, धुक्यात हात दिसत नाही तर नुसत्या शिट्टीवर भरवसा ठेवणारी, जात होती. पडकी भिंत जिथे पडकी होती तिथे ती कुणाला धुक्यात दिसणार? आणि भिंतीपलीकडे तो माझा संपलेला फीता.

मी शंकररावांच्या तोंडातून शिट्टी ओढून काढली. दोरीसकट. त्यांचा ओठ फुटला. सल्लागारानं पोरांसमोर शिट्टीला हात लावायचा नाही हा नियम मी मोडला असं कुणी म्हणेल, तर माझी कायदेशीर बाजू अशी, की धुक्यात पोरांना काही दिसत नव्हतं.

दिगंबरनं सांगितलं ते मी त्यांना सांगितलं. ते माझ्या दगडावर बसले, आणि दगड तापलेला असावा तसे लगेच उठले.

"लांब शिट्टी वाजवतो. त्यांच्या रीतीनं," ते म्हणाले.

"तुमची पण दोघंतिघं अजून बाहेर आहेत. लांब वाजवली तर ती पांगतील," मी म्हटलं.

म्हणजे कशीही फुंकली तरी शिट्टी कुणाला तरी काठाकडे ढकलणार होती. मग मी ओरडलो. माझा आवाज म्हणजे धारला बोललो तर सरदारपूरला लोक "काय?" म्हणून विचारतात. "परत या रे! खेळ संपला! परत या!"

धुक्याच्या आतून, कुठून ते देव जाणे, एक खुदकन हसू आलं आणि मग आवाज: "ओळखलं, ओळखलं! नहीं आएंगे, भिया!"

आयुष्यात मी पुष्कळ भयंकर आवाज ऐकले आहेत. सुरुंग चुकून आधी उडाल्याचा, पूल बसल्याचा. पण त्या हसण्यासारखा नाही. कारण ते हसू मघापेक्षा लांबून आलं होतं, आणि आपण शत्रूला फसवलं म्हणून ते पोर आता आणखी दोन पावलं पुढे जाणार होतं.

सल्ला देणं हा ज्याचा धंदा, त्याच्या डोक्यात सल्ला म्हणून औषधाला नव्हता. बोलले ते शंकरराव, आणि इतक्या हळू की मला वाटलं ते देवाचं नाव घेताहेत.

"राष्ट्रगीत," ते म्हणाले. "भाऊसाहेब, राष्ट्रगीत म्हणा."

आधी मला वाटलं, माणूस गेला कामातून. मग लख्ख उजेड पडला. पूर्वी दोन्ही पात्यांची आपापली गीतं होती, एकाचं सुरू झालं की दुसरी पोरं आढ्याकडे बघत. राष्ट्रगीत नवं होतं. ते दोन्हीकडच्या पोरांनी एकाच दिवशी, एकाच मैदानात, शंकररावांच्या तोंडून शिकलं होतं. ते सुरू झालं की जिथे असाल तिथे सावधान. पाय जुळलेले, पाऊल हलवायचं नाही. ते म्हणून कुणी फसवील हे कुठल्याही पोराच्या स्वप्नात आलं नसतं. त्या काळात त्याची थट्टा करायची छाती कुणाला होती?

"तुम्ही म्हणा," मी म्हटलं. "तुमचा आवाज बरा आहे. मी जातो पोरांकडे, मला वाट माहीत आहे."

"नाही. मी जातो. पोरं माझी आहेत."

चहाच्या वेळेसाठी ते वाक्य मी बाजूला ठेवून दिलं.

आलेल्या पोरांनी स्कार्फ सोडले. एकाला एक गाठ मारत गेले. जी गाठ मी दर रविवारी मागच्या खुर्चीवरून कंटाळून बघत असे, ती. शेवटी पट्टेही जोडले. एक टोक शंकररावांच्या कमरेला, दुसरं दिगंबर आणि थोरल्या पातीच्या पोरांच्या मुठीत. शंकररावांनी दिगंबरची काठी घेतली, पुढची जमीन ठोकून बघितली आणि धुक्यात गेले. तीन पावलांत पाठ गेली, मग फक्त स्कार्फ सरकत राहिले.

मी सावधान उभा राहिलो आणि सुरू केलं. माझं गाणं म्हणजे, घरी मी आरतीला तोंड उघडलं की शेजारी दारं लावून घेतात आणि समईची वात मिणमिणते. पण त्या दिवशी मी छाती फोडून म्हटलं. भोवतीची पोरंही म्हणायला लागली, आणि त्यांच्या कल्लोळात पलीकडचं काही ऐकू येईना. मधेच थांबवणं बरं नव्हे म्हणून एकदा पूर्ण होऊ दिलं. मग सगळ्यांना तोंडावर बोट ठेवायला लावलं आणि एकट्यानं पुन्हा सुरू केलं.

दुसऱ्या ओळीतच घसा गेला. चढ आला आणि भीतीनं आवाज आतच राहिला, नुसती हवा. शांतता पडली. त्या शांततेइतकी लांब गोष्ट मी पाहिली नाही. मला वाटलं, संपलं, पोरं म्हणणार गाणं झालं, विश्राम, आणि चालायला लागणार.

तेवढ्यात उजवीकडून, धुक्यातून, एका पोरानं माझी अर्धवट ओळ उचलली. बारीक आवाज. मग दुसरा. मग लांबून तिसरा. जो तो आपापल्या जागी, एकटा, काही न दिसता, सावधान उभा राहून म्हणत होता, आणि प्रत्येक आवाज कुठे आहे ते आता कळत होतं. शंकररावांच्या कमरेचा दोर एका आवाजाकडे वळला. मग दुसऱ्याकडे. धुक्यातून एकेक पोर दोर धरून बाहेर येऊ लागलं. थोरल्या पातीची चुकलेली दोघं, मग धाकट्या पातीची. आलं की गप्प करायचो आणि मी पुन्हा सुरुवात करायचो. संपू द्यायचं नव्हतं. संपलं की पाय सुटले.

याच वेळी माझ्या डाव्या बाजूला धुक्यातून एक काळं धूड येऊन उभं राहिलं. त्याचा श्वास माझ्या कोपराला लागत होता. मी सावधान, मान वळवता येत नाही. देवाशपथ सांगतो, वाघ होता, आणि राष्ट्रगीत संपेपर्यंत तोही हलला नाही. दिगंबर आजही म्हणतो की म्हैस होती. दिगंबर थोरल्या पातीचा, त्यांना जनावरांतलं काय कळतं?

मग सगळे आवाज आले आणि एक उरला. तो मी मघापासून ऐकत होतो आणि ऐकत नाही असं स्वतःला सांगत होतो. कारण तो बाकीच्यांसारखा समोरून येत नव्हता. खालून येत होता. उघड्या जागेतून, जिथे आवाजाला मागे काही नसतं, तसा पातळ. दिगंबरनं माझ्याकडे बघितलं आणि ओठांनीच म्हणाला, "विन्या."

दोर त्या दिशेनं सरकला. थांबला. ताठ झाला. पोरांनी टाचा मातीत रोवल्या. मी बघत होतो त्या गाठींकडे, ताणानं एकेक गाठ आवळत लहान होत चाललेली. दुसरं बघण्यासारखं जगात काही नव्हतं. विनायकचा आवाज मधेच तुटला.

मग दोर सैल पडला. पोरं मागे भेलकांडली. दोर कुठल्या कारणानं सैल पडतो हे ओव्हरसियरला सांगावं लागत नाही. दोन कारणं असतात.

धुक्यातून आधी काठी आली. मग शंकरराव, आणि त्यांनी दंडाला धरलेला विनायक.

धुकं उठल्यावर आम्ही जाऊन पाहिलं. पडक्या भिंतीच्या पलीकडे उताराचं गवत, आणि त्याच्या टोकाशी विनायकच्या बुटांचे ठसे, टाचा जुळवलेल्या, सावधान. ठशांच्या पुढे गवत नव्हतं. पुढे काहीच नव्हतं, खाली एक घार उडत होती.

"मी काठी पुढे टेकवली सर," विनायक सांगत होता, "तर जमीनच लागेना. मग जरा थांबलो. म्हटलं, काय करावं? शिट्टी बंद झाली होती, मग गाणं लागलं."

"आणि आणखी एक शिट्टी झाली असती तर?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

त्यानं शंकररावांकडे बघितलं. "सरांचा हुकूम होता ना, काका." मग घाबरून, "सर, आमचं काही चुकलं का?"

शंकरराव त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. ओठावर रक्त वाळलं होतं.

धर्मशाळेत पोरांना सेव-परमल, म्हणजे शेव-मुरमुरे दिले, आम्ही दोघं चहा घेऊन बाहेर बसलो. शंकररावांनी शिट्टी माझ्यापुढे ठेवली. "ही घ्या भाऊसाहेब. उद्यापासून दुसरा कुणी बघा. मला जमायचं नाही."

आता माझी बोलायची वेळ होती. मी पुष्कळ जमवाजमव केली, पण तोंडातून निघालं ते एवढंच: "शंकरराव, पोरं ऐकत नाहीत ही तुमची भीती होती ना? ती पोरं तुमच्या शिट्टीवर जमीन संपेपर्यंत चालत गेली."

त्यांनी कप खाली ठेवला. आत पोरांचा गलका चालला होता. थोरल्या पातीची कुठली आणि धाकट्या पातीची कुठली, ते त्या गलक्यात सांगता आलं नसतं. मग त्यांनी शिट्टी उचलली, दोरीची तुटलेली गाठ नीट बांधली आणि गळ्यात घातली. मला म्हणाले, "यापेक्षा न ऐकणारी बरी होती हो." आणि आत गेले.

ते पुढे पुष्कळ वर्षं पथकाचे मास्तर होते. नवं पोर आलं की त्याला डोळे मिटून उभं करत, शिट्टी फुंकत आणि विचारत, "सांग, काय करशील?" ती पद्धत मी सगळ्या पथकांत नेली, आणि 'माझी कल्पना' म्हणून वरिष्ठांना सांगितली. शंकरराव हसले फक्त. माझी सुपारी मात्र मांडूला राहिली. मागच्या खुर्चीवर मी अजून बसतो, पण बसल्या बसल्या विचारतो फार. मास्तर वैतागतात.

आता वय झालं. समारंभाला पहिल्या रांगेत बसवतात. राष्ट्रगीत सुरू झालं की सगळे उठून समोर झेंड्याकडे बघतात. मीही उठतो, टाचा जुळवतो. पण नजर आपोआप खाली जाते. बुटांच्या पुढे जमीन आहे ना, एवढं बघून घेतो, आणि मगच म्हणायला लागतो.